सेव्ह ॲज आम्हाला कुणी शिकवायचं?

एम. ए.चा शोधनिबंध जमा करायच्या आदल्या रात्री मी बेंगळुरूतल्या एका झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात उभा होतो. बाइंडिंगसाठी डावीकडचा समास दीड इंच हवा, असं ऐनवेळी कळलं होतं. दुकानातल्या अण्णानं समास बदलला आणि माझी अठ्ठ्याहत्तर पानं डोळ्यांदेखत विस्कटली. अर्ध्या-अर्ध्या ओळी तुटून खाली आल्या. प्रकरणांची नावं पानाच्या तळाशी जाऊन बसली. अनुक्रमणिकेतली टिंबं एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सांडली.

अण्णानं वरच्या पट्टीतलं एक बटण दाबलं. पडद्यावर उलट्या ‘पी’सारख्या शेकडो खुणा उमटल्या. प्रत्येक खूण म्हणजे मी दाबलेलं एक एन्टर. ओळ संपली की एन्टर. दोन ओळींत जागा सोडायची म्हणून आणखी एक एन्टर. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला सहा स्पेस. नवीन प्रकरण नव्या पानावर न्यायला वीस-बावीस एन्टर. अनुक्रमणिकेतली टिंबं तर मी एकेक मोजून टाकली होती. अण्णा माझ्याकडे बघून म्हणाला, “सर, ये टाइपरायटर है क्या?”

त्यात टोमणा नव्हता. त्यानं मला शेजारी बसवलं आणि वीस मिनिटांत लाइन स्पेसिंग, इंडेंट, पेज ब्रेक आणि हेडिंग स्टाइल दाखवली. मग आम्ही दोघांनी मिळून रात्री दोनपर्यंत जास्तीची एन्टरं काढली. दहावी नापास झालेल्या त्या माणसानं वीस मिनिटांत जे शिकवलं, ते मला पदवीची तीन वर्षं आणि पदव्युत्तर दोन वर्षं कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याकडे संगणकाचं प्रमाणपत्र नव्हतं असं नाही. गावाजवळच्या एका क्लासमध्ये केलेला कोर्स होता, गुणही चांगले होते. सीपीयूचं पूर्ण रूप काय, संगणकाचा जनक कोण, रॅम आणि रॉममधला फरक कोणता, हे सगळं मला चार पर्यायांतून निवडता येत होतं. दहा पानांचा अहवाल नीट लिहून दाखव, असं मात्र कुणी कधी म्हटलं नव्हतं.

ही गोष्ट मी बरीच वर्षं लाजेपोटी कुणाला सांगितली नाही. आता सांगतो, कारण आमच्यातली पहिल्या पिढीची कितीतरी पोरं अजूनही तशीच एन्टर दाबत बसलेली मला दिसतात आणि ती सगळी स्वतःलाच ‘ढ’ समजतात.

वर्ड प्रोसेसरचे शब्द मुळात संगणकाचे नाहीतच. ते कचेरीचे आणि छापखान्याचे आहेत. फाईल, फोल्डर, डॉक्युमेंट, टेम्प्लेट हे कारकुनाच्या टेबलावरचे शब्द. मेलमधलं ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मधे निळा-काळा कार्बन घालून काढलेली प्रत. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ‘अपर केस’ म्हणतात, कारण छापखान्यात ती अक्षरं वरच्या खणात ठेवलेली असत. ‘फॉन्ट’ हा शब्द धातू ओतण्यावरून आला. आपल्याकडे त्या धातूच्या अक्षरांना ‘खिळे’ म्हणत आणि ते जुळवणाऱ्याला ‘जुळारी’. ‘कट’ आणि ‘पेस्ट’ तर संपादकाच्या टेबलावरची खरीखुरी कात्री आणि डिंक. १९७०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती कात्री पडद्यावर आणली.

म्हणजे ज्याच्या घरात आजोबा कचेरीत होते, वडील बँकेत होते, आई शाळेत शिकवत होती, त्याला हे शब्द संगणकाच्या आधीच ठाऊक होते. त्यानं घरात फाईल बघितली होती, मसुदा आणि पक्की प्रत यांतला फरक ऐकला होता, ‘वर विषय लिही, खाली संदर्भ दे’ हे जेवताना कानावर पडलं होतं. संगणक आला तेव्हा त्याला फक्त बटण शिकायचं होतं. आम्हाला बटणही शिकायचं होतं आणि ती अख्खी कचेरीही. या फरकाला पुढे ‘स्मार्ट’ आणि ‘कच्चा’ अशी नावं मिळतात.

माझी आजी सांगायची, तिचे सासरे कुलकर्ण्याचं दप्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला जायचे. पायी. लाल फडक्यात बांधलेलं ते गाठोडं त्यांनी किती वेळा वाहिलं असेल, याची मोजदाद नाही. ते सोडून आत काय लिहिलंय हे बघायची सोय नव्हती, आणि बघितलं असतं तरी वाचता येत नव्हतं. महार वतनाच्या कामांत सरकारी निरोप, वसुली, कागद असं सगळं वाहून नेणं होतंच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात त्या वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. आम्ही फोल्डर वाहिलं, उघडलं नाही. मी पडद्यावर पिवळ्या फोल्डरवर डबल क्लिक करतो तेव्हा मला कधी कधी ते लाल फडकं आठवतं.

यावर एक सोपा उपाय म्हणून मराठी प्रतिशब्द पुढे केले जातात. फाईलला संचिका, कुठे धारिका. सॉफ्टवेअरला आज्ञावली. मी मराठीच्या बाजूचा माणूस आहे, पण या शब्दांनी माझ्या भाचीचं काही भलं झालेलं मला दिसलं नाही. तिला ‘फाईल’ माहीत नव्हती असं नाही, फाईलचं काम काय ते माहीत नव्हतं. ‘संचिका’ म्हटल्यानं तिच्यापुढे एका अनोळखी शब्दाऐवजी दोन झाले. हे शब्द ज्यांनी घडवले त्यांच्या घरात संस्कृत जवळची होती, म्हणून त्यांना ते सहज वाटले. आमच्या वस्तीत ते इंग्रजीइतकेच परके आहेत, वर ‘हे तर तुझ्याच भाषेतलं, तरी येत नाही?’ ही लाज फुकट मिळते. ‘संगणक’ रुजला, कारण तो सगळीकडे सरसकट वापरला गेला. (कन्नडमध्येही ‘गणक’ आहे. इथे पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा नातेवाईक भेटल्यासारखं वाटलं.) सगळेच शब्द तसे रुजत नाहीत.

बटणावर ‘सेव्ह ॲज’ लिहिलेलं असेल तर ‘सेव्ह ॲज’च म्हणावं. उद्या नोकरीत, परीक्षेत, सायबर कॅफेत तोच शब्द समोर येणार आहे. पण त्याचा अर्थ मात्र आपल्या रोजच्या बोलण्यातून सांगावा. आणि गंमत अशी, की आपल्या बोलण्यात कचेरीचे शब्द भरपूर आहेत. कचेरीच्या आत नसलो तरी तिच्या खिडकीवर आपल्या पिढ्या उभ्या राहिल्या आहेत. सातबारा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, यासाठी घातलेले हेलपाटे हीसुद्धा एक शाळाच आहे.

मी दर रविवारी गावाकडच्या पाच-सहा पोरांना व्हिडिओ कॉलवर शिकवतो. तिथे ‘सेव्ह ॲज’ असं सांगितलं: तहसीलमध्ये मूळ कागद तसाच राहतो आणि तुला नक्कल मिळते ना? त्या नकलेवर तू काहीही खरड, मूळ कागदाला धक्का लागत नाही. ‘सेव्ह’ म्हणजे मूळ कागदावरच लिहिणं, ‘सेव्ह ॲज’ म्हणजे नक्कल काढून तिच्यावर लिहिणं. पुन्हा विचारायची वेळ आली नाही. इनबॉक्स म्हणजे आवक, सेंट म्हणजे जावक. टेम्प्लेट म्हणजे अर्जाचा कोरा नमुना. टेबलातला कॉलम म्हणजे रकाना. मार्जिनला तर शाळेतले गुरुजी ‘समास सोडून लिहा’ म्हणायचेच, फक्त आम्हाला वाटायचं समास व्याकरणाच्या तासालाच असतो.

सगळ्यात अवघड गेली ती हेडिंग स्टाइल. पोरं म्हणाली, अक्षर मोठं केलं, बोल्ड केलं, झालं की शीर्षक. मी म्हटलं, पांढरी टोपी घातली म्हणून कुणी सरपंच होत नाही, निवडणुकीच्या निकालात नाव लागतं तेव्हा होतो. बोल्ड ही टोपी आहे. हेडिंग स्टाइल दिली की संगणकाच्या दप्तरी नोंद होते, की ही ओळ शीर्षक आहे. अनुक्रमणिका ‘इन्सर्ट’ केली की तो ती नोंद बघून पानांचे आकडे स्वतः टाकतो. टिंबंसुद्धा तोच टाकतो. मजकूर वाढला की ‘अपडेट’ करायचं. हे कळलं तेव्हा एक पोरगा म्हणाला, “मामा, मग तुम्ही ती टिंबं मोजत काय बसला होता?” काय सांगणार?

मराठीत टाइप करायचा प्रश्न याहून चिवट आहे, आणि त्यात आपल्या पोरांचे कष्ट फुकट जातात. आजही कितीतरी ठिकाणी मराठी टायपिंग म्हणजे कृतिदेव किंवा तसाच एखादा जुना फॉन्ट. त्यात पडद्यावर ‘कमल’ दिसतं, पण फाईलमध्ये मराठी नसतंच. इंग्रजीचे डी, ई आणि वाय असतात, आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. ती फाईल ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे गेली की मुखवटा गळून पडतो आणि अगम्य इंग्रजी अक्षरं उरतात. शोधता येत नाही, मेलमध्ये चिकटवता येत नाही. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, जगातला कोणताही संगणक तो ‘क’च वाचतो. आपला ‘ॲ’ त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इन्स्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, महिनाभर रोज अर्धा तास दिला की हात बसतो. इथे कर्नाटकात कन्नड गणक परिषदेनं ‘नुडी’ हे सॉफ्टवेअर तयार केलं आणि सरकारनं ते उचलून धरलं. जुन्या फॉन्टांची भानगड त्यांनाही चुकली नाही, पण सरकारी कचेरीत कन्नड कशी टाइप होईल हा तिथे सार्वजनिक प्रश्न झाला. आपल्याकडे तो अजून टायपिंग क्लासच्या मालकावर सोडलेला आहे.

आणि ही केवळ सुबकपणाची बाब नाही. माझ्या एका मित्रानं आपल्या संस्थेतल्या जातीय वागणुकीबद्दल निनावी तक्रार लिहिली. खाली नाव नाही, सही नाही. वर्डची फाईल जोडून नव्या मेल खात्यावरून पाठवली. आठवड्याभरात त्याला बोलावणं आलं. फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘ऑथर’ म्हणून त्याचं पूर्ण नाव होतं. वर्ड सुरू करताना त्यानंच कधीतरी ते भरलेलं. पुढे त्याचं काय झालं ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे. पण ‘मेटाडेटा’ हा शब्द त्याला कुणी एकदा समजावून दिला असता तर बरं झालं असतं, एवढं मी म्हणेन. वर्डमध्ये फाईल, मग इन्फो, मग ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ असं गेलं की ही माहिती दिसते आणि पुसता येते. ‘ट्रॅक चेंजेस’ चालू असेल तर कुणी काय खोडलं तेही फाईलमध्ये राहतं, ते आधी ‘ॲक्सेप्ट’ करावं लागतं. पीडीएफ केली म्हणजे नाव गेलं, असंही नाही, तिलाही प्रॉपर्टीज असतात.

उलट बाजूही आहे. तक्रार नावानिशी करायची असेल तर तोंडी सांगू नका, मेल करा. जावकमध्ये तारीख-वेळेसह प्रत राहते. आपल्या वडिलांनी अर्ज दिला आणि पोच घेतली नाही म्हणून किती कामं बुडाली, हे आपल्याला माहीत आहे. सेंट फोल्डर ही अर्धी पोच आहे. उरलेली अर्धी म्हणजे ‘मिळाली’ असं एका ओळीचं उत्तर मागून घेणं.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचंही तेच. जातीचा दाखला स्कॅन केला तर फाईल तीन एमबीची होते आणि संकेतस्थळ काहीशे केबीच्या आत मागतं. १ एमबी म्हणजे १०२४ केबी, आणि स्कॅन करताना रिझोल्यूशन कमी ठेवलं की फाईल लहान होते, एवढं माहीत नसल्यानं मुदत संपलेली पोरं मी बघितली आहेत. एका पोरीनं नोकरीच्या अर्जात बायोडेटाची लिंक पाठवली, तिची परवानगी बंद होती. समोरच्याला फक्त ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ दिसलं असणार. बोलावणं आलं नाही. ‘अटॅचमेंट’ म्हणजे कागद त्याच्या हातात देणं, ‘लिंक’ म्हणजे आपल्या घराचा पत्ता देणं. पत्ता दिला तर कुलूप काढून ठेवावं लागतं.

आपल्या चळवळीतही या कामाकडे ‘कारकुनी’ म्हणून बघायची सवय आहे. वैचारिक बोला, फॉन्टचं काय घेऊन बसलात? मला हे पटत नाही. बाबासाहेबांचे हस्तलिखित कागद टाइप करून देणारे नानकचंद रत्तू आपल्याला माहीत आहेत. दिवसभर सरकारी नोकरी करून ते संध्याकाळी बाबासाहेबांकडे येत आणि टाइप करत. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ साली, बाबासाहेबांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. त्या ग्रंथामागे विचार बाबासाहेबांचा आहे, आणि एका माणसाच्या बोटांचे रात्रीमागून रात्रीचे कष्टही आहेत. स्वतः बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढलं, पुढे चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा केला. कागद कसा तयार होतो हे हलकं काम आहे, असं त्यांनी तरी मानल्याचं दिसत नाही.

याच शहरात, गुरप्पनपाळ्याजवळच्या सुदर्शन लेआउट या झोपडवस्तीत फ्री सॉफ्टवेअर चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी एक संगणक केंद्र चालवलं. नाव ‘आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटर’. आयटी कंपन्यांच्या या गावात, दिवसा कंपनीत काम करणाऱ्या पोरांनी वस्तीतल्या मुलांना लिनक्सवर शिकवलं, मुलांनी गिंपमध्ये चित्रं काढली. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती जागा. केंद्र वस्तीत होतं. ज्या मुलाला कंपनीच्या फाटकातला रखवालदार आत सोडणार नाही, त्याच्या गल्लीत संगणक आला होता, आणि तो बिघडवायची त्याला मुभा होती. वर्डसाठी पैसे नाहीत म्हणून आपल्याकडे चोरीची प्रत वापरतात किंवा शिकणंच टाळतात. लिबरऑफिस फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठीतही मिळतं, आणि वर सांगितलेलं जवळपास सगळं त्यात करता येतं. प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट पुस्तकांचं असतं. शेजारी लिबरऑफिस घातलेला एक जुना संगणक ठेवायला कुणाची हरकत असू नये.

महाविद्यालयांना मात्र मी इतक्यात सोडणार नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात दहा तास पुरतात. दहा तासांत एक पोरगं स्टाइल, तळटीप, अनुक्रमणिका, पीडीएफ, मेल आणि युनिकोड शिकू शकतं. मी सात-आठ रविवारांत शिकवलं आहे, तेही नेटवर्क जात-येत असताना. पण शोधनिबंध ‘नीट फॉरमॅट करून आणा’ म्हणायचं, आणि फॉरमॅट म्हणजे काय ते घरून शिकून यायचं असं गृहीत धरायचं, ही आपल्या उच्च शिक्षणाची ‘डिफॉल्ट सेटिंग’ आहे. डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच निवडलं नाही तर जे आपोआप लागू होतं ते. वर्ड २००७पासून न विचारता कॅलिब्री फॉन्ट येऊ लागला, तसं. इथे आपोआप गृहीत धरलेला विद्यार्थी हा कचेरीतल्या घरातला असतो.

गेल्या महिन्यात भाचीनं पहिल्यांदा इंग्रजीत बायोडेटा केला आणि घाबरून स्क्रीनशॉट पाठवला. तिचं आडनाव, गावाचं नाव, आईचं नाव, तिन्हींखाली लाल नागमोडी रेघ. “मामा, नाव चुकलं का?” मी म्हटलं, चुकलं नाही. त्या रेघेचा अर्थ एवढाच, की हा शब्द त्याच्या यादीत नाही. उजवं बटण दाब, ‘ॲड टू डिक्शनरी’ कर. तिनं एकेक करून तिन्ही नावं घातली. मग न सांगता आजीचंही टाइप करून घातलं.

येत्या रविवारी मेल मर्ज आहे. भीमजयंतीच्या निमंत्रणाचा मसुदा एकच, नावं दोनशे दहा. पोरांनी नावांची यादी रकाने पाडून आधीच पाठवली आहे, त्यात चार ठिकाणी पिनकोड चुकलेत, ते आधी बघावे लागतील.